तिया पुरिंगचं आपोआप उत्तर

जोनाबेलने कॉलेजात हा विषय घेतला तो सगळ्यात सोपा म्हणून. 'ऑनलाइन साधनं आणि समाजमाध्यमं' हे नाव लांबलचक असलं तरी काम तेच, जे ती वर्षानुवर्षं बाकाखाली फोन धरून फुकटात करत आली होती. आता त्याचे गुण मिळणार होते, एवढाच फरक. शिकवायला गालार्दो मॅडम. त्यांची पद्धत सरळ होती. प्रत्येकाने ओळखीतला एक खरा धंदा धरायचा, सत्रभर त्याचं पेज चालवायचं आणि शेवटी 'मी काय शिकले' हे मनापासून लिहून द्यायचं. 'मनापासून' हा शब्द मॅडम फळ्यावर जोरात अधोरेखित करत, कारण मागच्या वर्षी अर्ध्या वर्गाचं मन शब्दन् शब्द सारखं निघालं होतं.

कुणी काकाची बेकरी धरली, कुणी मामाचं मोटारसायकलचं गॅरेज. जोनाबेलने घरातलाच धंदा धरला. तिची आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, म्हणून तिला वाढवलं होतं मावशीने, तिया पुरिंगने, आणि आजीने, लोला इस्काने. तिया पुरिंग उकाय विकायची. उकाय म्हणजे जपान-कोरियातून गाठोडी भरभरून येणारे जुने कपडे. फिलिपाइन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात निम्म्या बायकांच्या अंगावर कुठल्यातरी थंड देशातल्या अनोळखी बाईची मापं होती.

दुपारी जेवणं झाली की पुढच्या खोलीत गोल दिवा लागायचा, आणि तिया पुरिंग फोनसमोर उभी राहून एकेक कपडा वर धरायची.

"हा कोट बघा. याची मालकीण सोलमधली कुणीतरी बारीक बाई. नवऱ्याशी पटत नसणार. बटणं बघा, एकही ओढलेलं नाही. कुणाला हवाय?"

ज्याने आधी 'माइन' लिहिलं त्याचा कपडा. पण तिया पुरिंग तेवढ्यावर सोडणारी नव्हती.

"मेरलिंडा, माइन काय लिहितेस? हा तुझ्या एका बाहीत जाईल. पुढच्यासाठी दम धर, राणी."

लोक कपडे घ्यायला येत की बोलणी खायला, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिला मात्र सगळ्यांचं सगळं ठाऊक होतं. कोण तीन कपडे मागून एकच उचलतं, कोण नवऱ्याला न सांगता घेतं, कोण नुसतं बघतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात नावं ठेवतं, सगळी नोंद डोक्यात. माणसं वाचावीत ती तिनेच.

वाचायचे राहत ते मेसेज. म्हणून जोनाबेलने पेजवर आपोआप उत्तर बसवून दिलं. मेसेज आला की उत्तर, कमेंट आली की उत्तर. मॅडमच्या गुणांत 'उत्तर किती लवकर जातं' यालाही वाटा होता.

"म्हणजे मी झोपले तरी हे बोलणार?" तिया पुरिंगने विचारलं.

"हो, तिया."

"आंघोळीला गेले तरी?"

"तरीही."

"चला! या घरात एक तरी न सांगता काम करणारं निघालं."

शब्द तिनेच सांगितले. गिऱ्हाईक दारातून बाहेर पडताना ती जे म्हणायची तेच. 'धन्यवाद गं राणी! सावकाश जा, परत ये हं!' आणि शेवटी एक लाल बदाम.

मॅडमनी आणखी एक छोटं काम दिलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादं साधन शिकवायचं. लोला इस्का शाळेच्या दारापर्यंत गेली होती ती धाकट्या भावाला सोडायला, आत कधी गेलीच नाही. जोनाबेलने तिला आपला तडा गेलेला जुना फोन दिला, पेजवर बोट ठेवून दाखवलं आणि सांगितलं, "इथे दाबून धर, बोल, बोट उचललंस की गेलं." लोला हे अशी शिकली की विचारू नका. भिंतीपलीकडे बसलेल्या लेकीला ती स्वयंपाकघरातून निरोप पाठवू लागली. भर लाइव्हमध्ये तिया पुरिंगचा फोन वाजायचा आणि साऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जायचं, "पुरिंग, कपडे पुरे कर, भात लागलाय खाली."

मग एके सकाळी गाठोडं सोडता सोडता तिया पुरिंग खाली बसली, आणि उठली नाही. डोक्यातली नस, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या हातात गाठोड्याची दोरी तशीच होती.

शवपेटी ठेवली पुढच्या खोलीत, जिथे ती लाइव्ह करायची तिथेच. गोल दिवा कोपऱ्यात सारला. बाहेर ताडपत्री बांधली, पत्त्यांची टेबलं मांडली, मोठ्या पातेल्यात कॉफी चढवली. मयताला एकटं सोडायचं नसतं, म्हणून गाव पाळीपाळीने बसायला आलं. कोण खरंच रडलं, कोण कॉफीसाठी थांबलं आणि कोण हाताला चांगले पत्ते आले तेव्हाच डोळे पुसत होतं, हे तिया पुरिंगने एका नजरेत सांगितलं असतं.

लोला इस्का पेटीच्या उशाशी खुर्ची टाकून बसली आणि नियम सांगू लागली. केर काढायचा नाही. आलेल्या माणसाला धन्यवाद म्हणायचं नाही. निघालेल्याला दारापर्यंत सोडायला जायचं नाही. आणि 'परत या' तर चुकूनही नाही.

"का गं लोला?" जोनाबेलने विचारलं. तिला हे ठाऊक होतं, पण रडू येऊ नये म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं.

"मयताच्या घरून आभार मानले की ते मरण आभारासोबत त्याच्या घरी जातं. आणि परत ये म्हटलं की ते आणखी कुणाला तरी घेऊन परत येतं. कळलं, इंदाय? तोंड मिटून ठेव."

इंदाय म्हणजे पोरी. लोला लाडाने हाक मारायची तेव्हाही तेच म्हणायची, आणि रागावली तरी तेच.

तिया पुरिंगच्या बोटांत जपमाळ गुंफली होती. लोलाने तिच्या कुशीला तिचा फोनही ठेवला. "ह्याच्याशिवाय ती कधी संडासलासुद्धा गेली नाही," ती म्हणाली. तो चालू आहे की बंद, हे कुणी बघितलं नाही.

चूक जोनाबेलची. संध्याकाळी तिला वाटलं, गिऱ्हाइकांना कळवायला हवं. तिने पेजवर तियाचा एक हसरा फोटो टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या, आणि कॉफीचे कप विसळायला गेली. सत्रभर धडपडून जेवढी माणसं पेजवर आली नव्हती तेवढी त्या फोटोखाली जमली. मनिला, दुबई, कुठकुठल्या जहाजांवरून. आणि पेटीच्या काचेखालून आवाज यायला लागला. टिंग. टिंग. टिंग.

पत्ते वाटणारा हात थांबला.

"बाई मेली तरी धंदा चालूच," कुणीतरी म्हणालं. एकजण हसला, पण एकटाच.

शेजारची नांग बेबोत पत्ते उलटे ठेवून स्वतःच्या फोनकडे बघत होती. नांग म्हणजे मोठी बहीण, गावात सगळ्यांचीच. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता, त्यामुळे फोन तिच्या हातून कधी सुटायचा नाही.

"मी लिहिलं, देव तिच्या आत्म्याला शांती देवो," ती हळू आवाजात म्हणाली. "तर खाली... हे बघा." आणि तिने वाचून दाखवलं. "'धन्यवाद गं राणी. सावकाश जा, परत ये हं.' तिच्या फोटोसकट!"

"मलाही आलंय," मागून कुणी म्हणालं.

"मला पण."

टेबलाटेबलांवर फोन उजळत गेले. त्या घरात जे तीन शब्द कुणी उच्चारू नयेत म्हणून लोला दिवसभर पहारा देत होती, ते तिन्ही शब्द मेलेल्या बाईने अख्ख्या गावाला एकेकाला गाठून कळवले होते. आभार मानले होते. निरोप दिला होता. परत बोलावलं होतं.

"माझ्या नवऱ्याने बोटीवरून लिहिलंय!" नांग बेबोत उभी राहिली. "त्यालाही परत ये म्हणाली असेल! भर समुद्रात आहे तो, इस्का! इंदाय, काय केलंस गं हे? बंद कर आत्ताच्या आत्ता!"

जोनाबेलच्या ओल्या हातातून फोन निसटत होता. तिने कमेंटचं आपोआप उत्तर बंद केलं. खाली दुसरं बटण होतं, आतल्या मेसेजचं. ते तिने तसंच राहू दिलं. ते कुणाला दिसत नव्हतं, कुणी बोललंही नव्हतं, आणि पेजच्या माथ्यावर 'लगेच उत्तर देतात' असं जे हिरवं चिन्ह होतं ते त्याच्यावर टिकून होतं. सत्र संपायला थोडेच दिवस राहिले होते. माणसाचं मन दुःखातही हिशेब सोडत नाही. जोनाबेलचं तर अजिबातच नाही. मावशीच्याच हाताखाली शिकलेलं ते मन.

पुरण्याच्या दिवशी फोन पेटीतच राहिला. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. काढायला हात कुणी घालायचा?

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. मॅडमना लिखाण द्यायची वेळ आली. जोनाबेल टेबलाशी बसली आणि मनापासून लिहायला लागली. 'या सत्रात मी शिकले की साधनाला एकदा सांगितलं की ते विसरत नाही.' खोडलं. 'मी शिकले की लोक सगळ्यात जास्त दुःखाला उत्तर देतात.' हे खरं होतं, म्हणून तेही खोडलं. शेवटी तिने लिहिलं, 'मी शिकले की चांगलं साधन आपल्याला काही बघायला न लावता आपलं काम करतं.' मॅडमनी त्याच वाक्याखाली लाल रेघ ओढून 'सुंदर!' असं लिहिलं. हिरव्या चिन्हाचे गुणही पूर्ण मिळाले.

पण गाव पेजला विसरेना. आतल्या मेसेजला अजून उत्तर येतं, हे हळूहळू बाहेर फुटलं. कुणी भीत भीत लिहून पाहिलं, कुणी पैज लावून. उत्तर आलं की फोन पालथा घालून क्रूसाची खूण करायची. नांग बेबोतचा नवरा सुखरूप होता, रोज फोनवर बोलत होता, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. आज सुखरूप आहे म्हणजे उद्या असेलच का? चाळिसाव्या दिवशी मृताचा आत्मा हा मुलूख सोडतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या आधी ते पेज बंद झालं नाही तर पुरिंगला जाताच येणार नाही, असा निकाल नांग बेबोतने विहिरीवर देऊन टाकला.

"दारात 'परत ये' म्हणत उभी असलेली बाई जाणार कशी?" ती लोलाला सर्वांसमोर म्हणाली. "सांग तूच, इस्का."

"बरोबर बोलतेस," लोला इस्का म्हणाली. "बंद कर, इंदाय. चाळिसाव्याच्या आत."

तिने हे इतक्या चटकन म्हटलं की जोनाबेललाच वाईट वाटलं. नियम पाळण्यात ही म्हातारी पोटच्या पोरीलाही सूट देत नाही.

चाळिसाव्या दिवशी दुपारी प्रार्थनेला माणसं जमायची होती. पुढच्या खोलीत नांग बेबोत खुर्च्या लावत होती, मोठ्या कढईत शेवया तयार होत्या. जोनाबेल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने शेवटी दुसरं बटण दाबलं. हिरवं चिन्ह जागच्या जागी करडं झालं. काही आवाज नाही, काही नाही. तियाला जेवढा वेळ लागला त्याहूनही कमी लागला.

तेवढ्यात मागच्या बाजूने बोलणं ऐकू आलं. कपडे धुण्याच्या दगडावर लोला बसली होती, पाठमोरी. तडा गेलेला फोन तिने पावाचा तुकडा धरावा तसा तोंडाशी धरला होता.

"पुरिंग, आज जाणार म्हणतात तू. बेबोत म्हणाली बंद करा. मीही म्हटलं, करा. माणसांपुढे दुसरं काय म्हणू? त्यांना वाटेल म्हातारी पोरीला अडवून बसलीय. तू मनावर घेऊ नकोस. शेवया केल्यात. तुझ्या त्या निळ्या बशीत काढून ठेवते. आणि वाट कळली नाही ना, तर विचार मला. रोजच्यासारखं बोल."

तिने अंगठा उचलला. जोनाबेलच्या हातात पेजवर तो निरोप येऊन पडला. त्याच्यावर कालचा होता. कालच्यावर परवाचा. वर, वर, वर, पुरल्या दिवसापर्यंत लोलाचाच आवाज, आणि प्रत्येकाखाली लाल बदामाचं तेच उत्तर. जोनाबेलने यातला एकही ऐकला नव्हता. ऐकायची गरजच पडू नये, यासाठीच तर ते बसवलं होतं.

लोला वाट बघत होती. नेहमी लगेच यायचं. तिने फोन हलवला, घड्याळ बंद पडल्यावर हलवतात तसा. पदराने काच पुसली. पुन्हा बघितलं. मग तो मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता बसली, बघितलं नाही की येतं या आशेने.

जोनाबेलने बटण पुन्हा चालू केलं. काही झालं नाही. यंत्र पुढच्याला उत्तर देतं, होऊन गेलेल्याला नाही. तिने ते परत बंद केलं. मग तिने स्वतःच टाइप करायला घेतलं. शब्द पाठ होते. 'धन्यवाद. सावकाश जा, परत...' आणि बोट अडकलं.

यंत्राने हे चाळीस दिवस म्हटलं, कारण यंत्राला कोण मेलंय ते ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. मातीखालच्या बाईच्या नावाने, तिच्या हसऱ्या फोटोच्या शेजारी, तिच्या म्हाताऱ्या आईला 'परत ये' लिहायचं? कुठे ये? त्या संध्याकाळी कप विसळताना ती मनातल्या मनात लोलाच्या नियमांना हसली होती. आता भर दुपारी, शेवयांच्या वासात, तोच नियम मोडायला तिचं बोट धजेना. तिने सगळं पुसलं आणि, तिया आपल्या आईला 'नानाय' म्हणायची त्याच हाकेने सुरू करून, घाईघाईत जे आलं ते लिहिलं.

'नानाय, मी निघते. तू माझ्यामागे येऊ नकोस. जोनाबेलजवळ राहा.'

पाठवलं. पाठवल्यावर कळलं की आपण काय पाठवलं.

लोलाच्या मांडीवर काच उजळली. तिने फोन उचलला, जवळ नेला, लांब नेला.

"इंदाय! इकडे ये."

जोनाबेलने आपला फोन खिशात सारला आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुला वाटत असेल म्हातारीला कळत नाही," लोला म्हणाली. "रोज एवढंच यायचं." तिने अंगठा आणि बोट यांत एक टीचभर अंतर धरलं. "तेवढीच रांग, शेवटी तो बदाम. ते यंत्र आहे, मला माहितेय. तूच बसवलंस ना? रिकाम्या घरात लोक रेडिओ लावून ठेवतात, तसं मी ते लावून ठेवायची. बरं वाटायचं, बस."

"लोला, मी..."

"आज बघ. आज लांब आहे. बदाम नाहीये." म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. "आज तीच आहे. वाच."

"लोला, ऐक ना..."

"इंदाय, केलंस का गं बंद?" पुढच्या खोलीतून नांग बेबोतने विचारलं. "माणसं यायला लागली!"

"केलंय तिने!" लोलाने तिथूनच उत्तर दिलं, नजर न हलवता. आणि हळूच म्हणाली, "वाच तू."

जोनाबेलने सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं ते लिहिलेलंच. "नानाय, मी निघते." तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. जरा घोगरा, जरा ओढलेला, खोलीभर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची सवय असलेला. "तू माझ्यामागे येऊ नकोस. जोनाबेलजवळ राहा."

लोलाने डोळे मिटले होते. 'येऊ नकोस'ला तिने मान हलवली, रागे भरून घेतल्यासारखी.

"परत वाच."

जोनाबेलने परत वाचलं. पुढे प्रार्थना सुरू झाली होती. एक बाई सांगायची, बाकीच्या मागून म्हणायच्या.

लोलाने फोन तिच्या हातून घेतला, अंगठा दाबून धरला आणि तोंडाशी नेला.

"बरं. नाही येत," ती म्हणाली. "पण तू जाऊन एकदम गप्प बसू नकोस. पोचलीस की सांग. आणि तिथे कोण भेटलं ते सांग, तुझे वडील भेटले का ते सांग."

अंगठा उचलला. जोनाबेलच्या खिशात काहीतरी थरथरलं. तिने तिकडे हात नेला नाही.

लोला सरकून तिच्याजवळ आली, अगदी खांद्याला खांदा लावून. फोन तिने दोघींच्या मध्ये धरला, म्हणजे दोघींना नीट दिसेल.

"थांब जरा," ती कुजबुजली. "आता बोलेल."

आणि दोघी वाट बघत बसल्या.